दारूचा हिशोब आरोग्याच्या वहीत



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांनी दिवसा शाळा चालवली आणि संध्याकाळी वस्त्यांमध्ये व्यसनमुक्तीचं काम केलं. या सभागृहात त्यांचे कितीतरी विद्यार्थी बसले आहेत, त्यामुळे त्यांच्याविषयी मी तुम्हाला काही सांगणं बरं दिसणार नाही. थेट विषयालाच हात घालते.

महाराष्ट्रात आज परवाना घेऊन विकली जाणारी दारूची प्रत्येक बाटली दारूबंदीच्या कायद्याखाली विकली जाते. 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा आजही लागू आहे. फक्त त्याच्या नावात मुंबईच्या जागी महाराष्ट्र आलं. कायद्याने पिणाऱ्याकडे परवाना हवा आणि देशी-विदेशी दारूसाठी त्याचं वय 25 पूर्ण हवं. राज्यघटनेचं 47 वं कलम सांगतं की लोकांचं पोषण, राहणीमान आणि आरोग्य सुधारणं हे राज्याचं प्राथमिक कर्तव्य आहे, आणि त्याच वाक्याच्या ओघात मादक पेयांवरच्या बंदीचा उल्लेख येतो. म्हणजे घटनाकारांनी दारूचा विषय आरोग्याच्या कलमात ठेवला. व्यवहारात मात्र दारूची विक्री पाहतो राज्य उत्पादन शुल्क विभाग, व्यसनमुक्तीचा प्रचार सामाजिक न्याय विभागाकडे, आणि यकृत कामातून गेलेला माणूस शेवटी येतो तो आरोग्य विभागाच्या खाटेवर. दुकान कुठे असावं, किती वाजता उघडावं, बाटलीचा भाव काय असावा हे ठरतं तेव्हा या तिसऱ्या खात्याला कोणी विचारत नाही. आज मला मांडायचं आहे ते एवढंच: दारूचं धोरण आरोग्याच्या हिशोबाने ठरलं पाहिजे. आणि तसं ठरवायचं तर काय करावं लागतं, हे जगाला आता बऱ्यापैकी ठाऊक झालेलं आहे.

ही मागणी नवी नाही. मुंबई इलाख्यात 1878 साली अबकारी कायदा आला आणि दारू गाळण्या-विकण्यावर सरकारची पकड घट्ट झाली. त्यानंतर दोनच वर्षांनी, 1880 मध्ये, पुणे नगरपालिकेचे सभासद असलेल्या जोतीराव फुल्यांनी शहरात दारूच्या दुकानांना परवाने देण्याला लेखी विरोध केला. दुकानं वाढतात तशी घरं बुडतात, असं त्यांचं म्हणणं होतं. प्रवचनकाराप्रमाणे पिणाऱ्याला दोष देऊन ते थांबले नाहीत. बोट ठेवलं ते परवान्यावर. पुढे 1937 साली मुंबई प्रांतात पहिलं काँग्रेस मंत्रिमंडळ आलं, तेव्हा आरोग्य आणि अबकारी ही दोन्ही खाती एकाच माणसाकडे होती. तो माणूस होता डॉ. मंचेरशा गिल्डर, नामवंत हृदयरोगतज्ज्ञ. 1 ऑगस्ट 1939 रोजी मुंबई शहरात दारूबंदी आली ती त्यांच्या कारकिर्दीत. बंदीचं पुढे काय झालं, हातभट्टीवाल्यांचं साम्राज्य कसं उभं राहिलं, हे तुम्हाला माहीत आहे. पण दोन्ही खाती एका डॉक्टरच्या हाती देण्यामागे जो विचार होता, तो आपण फार लवकर सोडून दिला असं मला वाटतं.

आता थोडं दवाखान्याविषयी.

माझी बहुतेक नोकरी सरकारी रुग्णालयांच्या पुरुष वॉर्डात गेली. जलोदर झालेल्या माणसाच्या पोटातलं पाणी कसं काढतात, हे तुमच्यापैकी ज्यांनी घरात पाहिलं असेल त्यांना ते विसरता येणार नाही. हातापायाच्या काड्या झालेल्या, डोळे हळदीसारखे पिवळे, आणि पोट मात्र नऊ महिन्यांच्या बाईसारखं. सुई आत जाते, पिवळसर पाणी नळीतून बाटलीत उतरत राहतं, चार-पाच लिटर निघाल्यावर माणसाला धड श्वास घेता येतो. आठवड्या-पंधरवड्याने तो परत येतो. एका गवंड्याची बायको मला म्हणाली होती, "मॅडम, तुम्ही ह्यांना समजावता, मी रोज समजावते. पण एसटी स्टँडच्या तोंडाशी दुकान सकाळी आठला उघडतं. मजूर नाका पण तिथंच. ह्यांनी जायचं कुठून?" तिच्या नवऱ्याचे हात सकाळी थरथरायचे आणि एक नाइन्टी पोटात गेल्याशिवाय थापी धरता येत नव्हती. मी त्याला जीवनसत्त्वाची इंजेक्शनं दिली, झोपेच्या गोळ्या हळूहळू कमी केल्या आणि चांगलं समुपदेशनही केलं. पण तिने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देण्याचा अधिकार माझ्या टेबलावर नव्हता. दुकानाची जागा आणि वेळ दुसऱ्या कचेरीत ठरत होती.

असा रुग्ण पाहिला की आपल्या सगळ्यांच्या मनात एक चित्र पक्कं बसतं: दारूचा प्रश्न म्हणजे बेवड्यांचा प्रश्न. एका बाजूला ताळतंत्र सोडलेले थोडे लोक, दुसऱ्या बाजूला बेताने पिणारे सभ्य लोक. थोड्यांना सुधारगृहात पाठवा, बाकीच्यांना सुखाने पिऊ द्या. दारू उद्योगालाही हे चित्र फार आवडतं, कारण 'जबाबदारीने प्या' एवढं छापलं की त्यांचं काम भागतं.

हे चित्र शास्त्राने कधीच बाजूला ठेवलं आहे. फ्रेंच लोकसंख्याशास्त्रज्ञ सुली लेडरमान यांनी 1956 मध्ये मांडलं की एखाद्या समाजात सरासरी किती दारू प्यायली जाते आणि तिथे अतिरेकी पिणारे किती असतात, या दोन गोष्टी एकमेकींना बांधलेल्या असतात. त्यांच्या सूत्रातल्या गणितावर पुढे वाद झाले, पण मूळ निरीक्षण टिकलं. नदीची पातळी हातभर वाढली की काठावरची घरं आधी बुडतात, तसं हे आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये वाइनचं रेशनिंग झालं आणि यकृताच्या सिरोसिसने होणारे मृत्यू झपाट्याने उतरले. व्यसनमुक्ती केंद्रं कोणी उघडली नव्हती, कीर्तनं कोणी केली नव्हती. शहरातली एकूण दारू कमी झाली आणि अट्टल पिणाऱ्यांचीही कमी झाली. युद्ध संपलं, वाइन परत आली, मृत्यूही परत आले. 1975 मध्ये फिनलंडचे केटील ब्रून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा सगळा पुरावा एकत्र मांडला, तेव्हापासून दारू हा नीतीचा नव्हे तर सार्वजनिक आरोग्याचा विषय म्हणून जगभर अभ्यासला जाऊ लागला.

इंग्लंडचे रोगपरिस्थितिवैज्ञानिक जेफ्री रोज यांनी 1981 साली या विचाराला आणखी एक जोड दिली. कमी धोका असलेले लोक संख्येने प्रचंड असतात, म्हणून एकूण नुकसानाचा मोठा वाटा त्यांच्याकडूनच येतो. दारूला हे चपखल लागू पडतं. शनिवारी लग्नाच्या वरातीत पिऊन मोटारसायकल झाडावर घालणारा मुलगा व्यसनी नसतो. महिन्यातून दोनदा पिऊन त्या दोनदाच बायकोवर हात उचलणारा माणूस कुठल्या केंद्राच्या यादीत सापडणार? जागतिक आरोग्य संघटनेच्या 2024 च्या अहवालाप्रमाणे 2019 या एका वर्षात जगात 26 लाख माणसं दारूमुळे दगावली. त्यात अपघात आहेत, मारामाऱ्या आहेत, आत्महत्या आहेत, क्षयरोग आहे, आणि कर्करोगही आहे. दारू माणसात कर्करोग घडवते हे 1988 सालीच अधिकृतपणे नोंदलं गेलं, तंबाखूच्याच वर्गात. तंबाखूच्या पुडीवर आपण कुजलेल्या जबड्याचं चित्र छापायला लावलं. दारूच्या बाटलीवर तशी सक्ती अजून कोणी केली नाही.

मग एकूण दारू कमी कशी करायची? याचं सर्वांत चांगलं अलीकडचं उदाहरण स्कॉटलंडचं आहे, आणि मी त्यावर थोडी रेंगाळणार आहे. कारण स्कॉच व्हिस्की ज्यांची ओळख आणि मोठी निर्यात, त्यांनी हे केलं.

स्कॉटलंडमध्ये यकृताच्या आजाराने मरणाऱ्यांचं प्रमाण पश्चिम युरोपात अतिशय वरचं होतं. डॉक्टरांनी दाखवून दिलं की सर्वाधिक नुकसान सुपरमार्केटमधल्या अगदी स्वस्त दारूने होतं: मोठ्या प्लास्टिकच्या बाटलीतली कडक सायडर, स्वस्तातली व्होडका. पबमध्ये बसून पिणं महाग होतं, घरी नेऊन पिणं मात्र कवडीमोल. सरकारने 2012 मध्ये कायदा केला: 10 मिलिलिटर शुद्ध अल्कोहोलला एक एकक धरायचं आणि एका एककाची किंमत 50 पेन्सखाली येऊ द्यायची नाही. बाटलीवर कुठलंही लेबल असो, आत जेवढं अल्कोहोल तेवढा किमान भाव. व्हिस्की उत्पादकांची संघटना कोर्टात गेली. खटला स्कॉटलंडच्या न्यायालयांतून लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयात, तिथून परत येऊन लंडनच्या सर्वोच्च न्यायालयात पोचला. नोव्हेंबर 2017 मध्ये निकाल सरकारच्या बाजूने लागला आणि 1 मे 2018 पासून किमान किंमत लागू झाली. कायदा मंजूर होऊन सहा वर्षं होत आली होती, तोवर एक सबंध पिढी स्वस्त सायडर पीत होती.

या कायद्याची मला सर्वांत आवडलेली गोष्ट अशी की त्यातच त्याची परीक्षा लिहिलेली होती. सहा वर्षांत त्याचा उपयोग सिद्ध झाला नाही तर कायदा आपोआप संपणार. म्हणून त्यांनी पहिल्या दिवसापासून मोजलं. इंग्लंडमध्ये असा कायदा नव्हता, त्यामुळे तुलनेला शेजारी तयारच होता. 2023 मध्ये निष्कर्ष आले: केवळ दारूमुळे होणारे मृत्यू, कायदा नसता तर जेवढे झाले असते त्यापेक्षा 13.4 टक्क्यांनी कमी झाले. सर्वाधिक फायदा गरीब वस्त्यांना झाला. किमान किमतीचा बोजा गरिबांवर पडतो असा आक्षेप सुरुवातीला घेतला जात होता. जीव वाचले तेही त्यांचेच. पण चित्र पूर्ण सुखाचं नाही, हेही त्याच संशोधकांनी लपवलं नाही. ज्यांचं शरीर दारूवर पूर्ण अवलंबून झालं होतं अशांपैकी काहींनी दारू कमी करण्याऐवजी जेवणावरचा खर्च कमी केला. करोनाच्या काळात घरी बसून पिणं वाढलं आणि मृत्यूंचे आकडे परत चढले. तरी स्कॉटलंडच्या संसदेने कायदा चालू ठेवला आणि सप्टेंबर 2024 मध्ये किमान किंमत 65 पेन्सवर नेली.

उलट दिशेचं उदाहरण फिनलंडने दिलं. शेजारचा एस्टोनिया 2004 मध्ये युरोपीय संघात आला, तिथून स्वस्त दारू येणार म्हणून फिनलंडने आधीच आपला दारूवरचा कर सरासरी तिसऱ्या हिश्श्याने उतरवला. त्याच वर्षी पिणं 10 टक्क्यांच्या आसपास वाढलं, पाठोपाठ दारूमुळे होणारे मृत्यूही. नंतर त्यांनी टप्प्याटप्प्याने कर परत चढवला.

आता आपल्याकडे या. जून 2025 मध्ये महाराष्ट्र सरकारने दारूवरचं उत्पादन शुल्क वाढवलं. 180 मिलिलिटरच्या बाटलीची, म्हणजे आपल्या चपटीची, किमान किंमत देशीसाठी 80 रुपये, भारतीय बनावटीच्या विदेशी दारूसाठी 205 रुपये झाली. मी या वाढीचं मनापासून स्वागत करते. पण निर्णय जाहीर करताना कारण सांगितलं गेलं ते महसुलाचं: तिजोरीत 14,000 कोटींची भर पडेल. आरोग्याचा शब्द नाही. आणि म्हणूनच त्याच निर्णयात धान्यापासून बनणाऱ्या 'महाराष्ट्र मेड लिकर'चा एक नवा वर्ग तयार झाला, किमान किंमत 148 रुपये. म्हणजे विदेशी महाग झाली म्हणून ज्याने कमी प्यायली असती, त्याला उतरायला मधे एक पायरी बांधून दिली. महसुलाच्या दृष्टीने गिऱ्हाईक हातचं जाऊ नये हे शहाणपणाचं आहे. आरोग्याच्या दृष्टीने ते गिऱ्हाईक जायलाच हवं होतं.

एक हिशोब तुम्ही माझ्याबरोबर करा. आपल्याकडच्या व्हिस्की-रममध्ये अल्कोहोल 42.8 टक्के असतं. 30 मिलिलिटरच्या छोट्या पेगमध्ये साधारण 10 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल येतं. 650 मिलिलिटरच्या कडक बिअरच्या बाटलीत, 8 टक्के धरलं तर, 41 ग्रॅम. म्हणजे कॉलेजातला मुलगा "फक्त एक बिअर घेतली" म्हणतो तेव्हा त्याने चार पेग घेतलेले असतात. बिअर म्हणजे दारू नव्हे ही समजूत सुशिक्षित घरांतही घट्ट आहे; मी डॉक्टरांच्या तोंडूनही ऐकली आहे. जानेवारी 2022 मध्ये सुपरमार्केटमधून वाइन विकायला परवानगी देण्याचा निर्णय झाला, तेव्हाही शेतकऱ्यांच्या द्राक्षांची ढाल पुढे होती. विरोध झाला, निर्णय अमलात आला नाही. द्राक्ष उत्पादकाला आधार द्यायलाच हवा. पण साबण आणि गव्हाच्या पिठाच्या शेजारच्या फळीवर दारू आली की तिचं रोजचं सामान होतं, आणि मग एकूण पातळी वर सरकते. इथे प्रश्न वाइनच्या गुणदोषांचा नाही, ती किती हाताशी यावी याचा आहे.

हाताशी असणं म्हणजे जागा आणि वेळ. ब्राझीलमध्ये साओ पाउलोला लागून दियादेमा नावाचं कामगारांचं शहर आहे. खुनांसाठी ते देशभर कुप्रसिद्ध होतं. पोलिसांच्या नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं की बहुतेक खून रात्री अकरा ते सकाळी सहाच्या दरम्यान, दारूच्या अड्ड्यांच्या आसपास होतात. 2002 च्या जुलैपासून शहराने बार रात्री अकराला बंद करायला लावले. आधी सहा महिने प्रत्येक बारमालकाला भेटून समजावलं, मग कडक अंमलबजावणी केली. खुनांचं प्रमाण 44 टक्क्यांच्या आसपास उतरलं, असं 2007 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. आपल्याकडे 'नाइट लाइफ'च्या नावाखाली वेळ वाढवण्याची चर्चा वारंवार होते. त्या चर्चेत ससून किंवा सायनच्या अपघात विभागातल्या रात्रपाळीच्या डॉक्टरला एकदा तरी बोलवा, ही माझी मागणी आहे.

बंदीविषयी बोलल्याशिवाय महाराष्ट्रात दारूवरचं भाषण पुरं होत नाही. मी बंदीची विरोधक नाही आणि आंधळी समर्थकही नाही. गोर्बाचेव्ह यांनी मे 1985 मध्ये सोव्हिएत संघात दारूविरोधी मोहीम सुरू केली. दुकानं कमी केली, भाव वाढवले, द्राक्षमळे तोडले. 1984 मध्ये रशियन पुरुषाचं सरासरी आयुष्य 62 वर्षांच्या आत होतं. 1987 पर्यंत ते 65 च्या जवळ गेलं. तीन वर्षांत एवढी वाढ औषधांनी कधी होत नाही. पण लोक घरोघरी दारू गाळू लागले, बाजारातून साखर गायब झाली, तिजोरी रिकामी झाली आणि मोहीम बारगळली. पुढे सोव्हिएत संघच कोसळला, व्होडका स्वस्त झाली, आणि 1994 मध्ये पुरुषांचं आयुष्य 58 च्याही खाली गेलं. रशियाने धडा नंतर घेतला: या शतकात त्यांनी बंदी न घालता व्होडकाची किमान किंमत ठरवली, रात्रीची विक्री थांबवली, बिअरलाही दारूच्या कायद्यात आणलं. 2003 ते 2016 या काळात दरडोई दारूचं सेवन 43 टक्क्यांनी घटलं. मोहिमा विझतात, किंमत आणि वेळ यांचे नियम वर्षानुवर्षं मुकाट काम करत राहतात.

आपल्या गडचिरोलीत दारूबंदी 1993 पासून आहे. ती वरून लादलेली नाही, डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावोगावच्या लोकांबरोबर केलेल्या आंदोलनातून आली. शेजारच्या चंद्रपुरात महिलांनी 2010 च्या डिसेंबरात चिमूरहून नागपूरच्या विधानभवनावर पायी मोर्चा नेला. सामाजिक कार्यकर्त्या पारोमिता गोस्वामी त्यांच्याबरोबर होत्या. 1 एप्रिल 2015 पासून चंद्रपूर जिल्ह्यात बंदी आली, आणि मे 2021 मध्ये मंत्रिमंडळाने ती उठवली. उठवताना अवैध विक्री, बनावट दारू आणि बुडालेला महसूल ही कारणं दिली गेली. अवैध विक्री होत होती, यात शंका नाही. पण स्कॉटलंडने जसं मोजलं तसं आपण सहा वर्षांत मोजलं का? जिल्हा रुग्णालयात जलोदराचे रुग्ण किती घटले किंवा वाढले, जळीत बायका किती आल्या, रस्त्यावरचे मृत्यू किती? बंदी घालताना मोजमाप लावलं नाही, म्हणून उठवताना ज्याचा आवाज मोठा त्याचं म्हणणं खरं ठरलं. गडचिरोलीत निदान पुढचं पाऊल पडलं. 2016 पासून तिथे 'मुक्तिपथ' सुरू आहे. गावसमित्या, व्यसन सोडू पाहणाऱ्यांसाठी उपचार, तंबाखूवरही तेवढाच भर. कायद्याच्या जोडीला उपचार असावे लागतात, नाहीतर ज्याचं शरीर दारूला बांधलं गेलंय त्याला अचानक ती मिळेनाशी झाली की झटके येतात, भ्रम होतात, प्रसंगी जीव जातो. 2020 च्या टाळेबंदीत दुकानं एका रात्रीत बंद झाली तेव्हा आम्ही वॉर्डात हे पाहिलं.

आणि स्वस्त विषाचं काय? मुंबईतल्या मालवणीत 2015 च्या जूनमध्ये शंभरावर माणसं मिथेनॉल मिसळलेल्या दारूने मेली. तिथे बंदी नव्हती. विषारी दारूचं नाव घेऊन अधिकृत दारू स्वस्त ठेवा असं म्हणणाऱ्यांनी मालवणी विसरू नये. मिथेनॉलच्या वाहतुकीवर आणि गोदामांवर पहारा ठेवणं, हा त्यावरचा खरा उपाय आहे.

उपचारांच्या बाबतीत मला गोव्याचं एक काम फार मोलाचं वाटतं. 'संगाथ' संस्थेने तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत, प्रमाणाबाहेर पिणाऱ्या पुरुषांसाठी एक प्रयोग केला. मानसोपचारतज्ज्ञ नव्हे, प्रशिक्षण दिलेले साधे स्थानिक कार्यकर्ते जास्तीत जास्त चार वेळा त्या माणसाशी बोलले. धाक नाही, उपदेश नाही. तुम्ही किती पिता, त्याने काय होतंय, कमी करायचं तर कुठून सुरुवात करू या, एवढंच. तीन महिन्यांनी यातले 36 टक्के धोक्याच्या पातळीखाली आले होते. नेहमीचा उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण 26 टक्के होतं. 2017 मध्ये हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. आपल्या देशाच्या 2019 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात सुमारे 16 कोटी पिणारे आणि मदतीची गरज असलेले 5.7 कोटी निघाले होते. एवढ्यांना पुरतील इतक्या व्यसनमुक्ती केंद्रांची वाट पाहत बसलो तर पिढ्या जातील. आशाताई आणि आरोग्यसेवक रक्तदाब मोजतात तसं प्रत्येकाला पिण्याविषयी चार प्रश्न विचारू शकतात. यासाठी लागतं ते आठवड्याभराचं प्रशिक्षण आणि थोडा मानधनाचा पैसा.

शेवटी आपल्या हातातल्या एका हत्याराकडे वळते. महाराष्ट्रात गावातल्या किंवा प्रभागातल्या महिला दारूचं दुकान मतदानाने बंद करू शकतात. 2008 च्या आदेशाने ही पद्धत ठरली. एक चतुर्थांश महिला मतदारांनी सह्यांचा अर्ज दिला की पडताळणी होते, मग गुप्त मतदान, मतपत्रिकेवर एक उभी बाटली आणि एक आडवी. आडवीवर शिक्का मारायला दीड-दोन किलोमीटर चालत आलेल्या आज्या मी पाहिल्या आहेत. एका गावात दुकानाची माणसं रांगेच्या कडेला खुर्च्या टाकून बसली होती, कोण येतंय ते बघत. तरी रांग मोडली नाही. पण नियम असा आहे की नोंदलेल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडवीला पडली पाहिजेत. ऊसतोडीला गेलेली, बाळंतपणाला माहेरी गेलेली, आणि यादीत नाव असलेली मयत बाईसुद्धा दुकानाच्या बाजूने मोजली जाते. आमदार-खासदार झालेल्या मतांवर निवडून येतात. दुकान बंद करायला मात्र न झालेलीही मतं लागतात. ही अट बदलायला हवी, आणि सह्यांची पडताळणी दुकानावर नियंत्रण असलेल्या विभागाकडून काढून तहसीलदाराकडे द्यायला हवी.

आणि नवीन परवान्याच्या वेळी, किंवा जुना दुसऱ्या जागी हलवताना, जिल्हा शल्यचिकित्सक आणि जिल्हा आरोग्य अधिकारी यांचं लेखी मत बंधनकारक करावं. त्या मताला आधार म्हणून आजपासून एक काम सुरू करता येईल. जिल्हा रुग्णालयात येणाऱ्या प्रत्येक अपघात, मारहाण, जळीत, विषबाधा आणि यकृताच्या रुग्णाच्या केसपेपरवर एक चौकोन छापायचा: दारूचा संबंध आहे, नाही, सांगता येत नाही. शेजारी गावाचं नाव. वर्षभराने तालुकावार आकडे काढायचे आणि परवान्यांच्या यादीशेजारी ठेवायचे. यासाठी विधानसभेत विधेयक लागत नाही, मंत्रालयाचा शासन निर्णयही लागत नाही. रुग्णालयाच्या छापखान्याला दिलेली एक ऑर्डर पुरते. इथे जिल्हा परिषदेचे काही सदस्य आणि रुग्णालयाचे अधिकारी बसलेले मला दिसत आहेत. केसपेपरचा नमुना मी तयार करून आणला आहे. प्रश्नोत्तरांनंतर तो मी त्यांच्या हाती देते.